ग्रीन सर्टिफिकेशनचं काम शिकायचं तर साइटच्या स्टोअरपासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, सांगलीत एका ठेकेदाराकडे दोन वर्षं साइट सुपरवायझरचं काम केलंय. आता ग्रीन बिल्डिंग सर्टिफिकेशनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये यायचंय. एका संस्थेने नोकरीची हमी देऊन तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स सुचवलाय, फी भरपूर आहे. तो घ्यावा का? आणि आयजीबीसी, ग्रिहा, लीड (इमारतींना ग्रीन मानांकन देणाऱ्या तीन पद्धती) यांपैकी परीक्षा कुठली आधी द्यावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे जे आहे ते कोर्स केलेल्या बहुतेकांकडे नसतं. तुम्हाला चलन (मालासोबत येणारा कागद) म्हणजे काय, काटापावती (वजनकाट्याची पावती) कुठे मिळते, एमटीसीवर (सळईच्या कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवर) हीट नंबर, म्हणजे त्या ओतीचा क्रमांक, कुठे असतो, स्टोअरकीपर रजिस्टर कसं लिहितो हे माहीत आहे. या कामाचा मोठा भाग तिथेच घडतो. मी पुण्यात फॅसिलिटेटर, म्हणजे प्रकल्पाला सर्टिफिकेट मिळवून देण्याचं काम बघणारी सल्लागार, म्हणून काम करते, नव्या मुलामुलींना हाताखाली घेऊन शिकवते, आणि माझं मत पक्कं आहे: परीक्षा पास होऊन आलेल्यांना साइट शिकवायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात साइट कळणाऱ्याला परीक्षेचा अभ्यास करता येतो.

आधी हे काम नेमकं काय आहे ते सांगते, कारण जाहिरातींत ते फार वेगळं दिसतं. डिझाइन आर्किटेक्ट करतो, यंत्रणा एमईपी (वीज, पाणी, वातानुकूलन) सल्लागार ठरवतो, बांधकाम ठेकेदार करतो. आपण एकच गोष्ट करतो: जे ठरलं तेच घेतलं, जे घेतलं तेच बसवलं आणि जे बसवलं ते नियमात बसतं, हे इमारत कधीच न पाहणाऱ्या परीक्षकाला कागदावरून पटवून देतो. ड्रॉइंग, बीओक्यू (कामं आणि साहित्याच्या परिमाणांची यादी), पर्चेस ऑर्डर, बिल, चलन, टेस्ट रिपोर्ट, बसवल्याचा फोटो, आणि या सगळ्यांशी जुळणारं गणित. यातली एक कडी निसटली की परीक्षकाची शंका येते, आणि शंकेचं उत्तर नीट देता आलं नाही की गुण जातो.

एक उदाहरण सविस्तर घेते, म्हणजे काम कुठल्या जातीचं आहे ते कळेल. जालन्याची सळई आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिथले बरेच कारखाने भंगार वितळवून स्टील करतात, त्यामुळे पुनर्वापरित घटकांच्या क्रेडिटसाठी, म्हणजे त्या निकषाच्या गुणांसाठी, ती सळई सोन्यासारखी. समजा प्रकल्पात ५ कोटींची सळई लागली आणि पुरवठादाराने लेटरहेडवर लिहून दिलं की ‘आमच्या उत्पादनात ८० टक्के रिसायकल्ड मटेरियल आहे’. नवखा माणूस लगेच ४ कोटी धरतो. लीडच्या हिशेबात मात्र लोकांनी वापरून टाकलेलं भंगार, म्हणजे पोस्ट-कन्झ्युमर, पूर्ण धरलं जातं आणि इतर कारखान्यांच्या उत्पादनातून निघालेला टाकाऊ माल, म्हणजे प्री-कन्झ्युमर, अर्धाच धरला जातो. पत्रात ५० टक्के आणि ३० टक्के अशी विभागणी असेल तर हिशेब ५० अधिक १५, म्हणजे ६५ टक्के, सव्वातीन कोटी. विभागणीच दिली नसेल तर परीक्षक सगळंच प्री-कन्झ्युमर धरायला लावू शकतो, मग हातात उरतात दोन कोटी. माल तोच, इमारत तीच, फरक पडला पत्रातल्या एका ओळीने. म्हणून पत्र मागतानाच मसुदा आपण करून द्यायचा: कारखान्याचा पत्ता, उत्पादनाचं नाव, दोन्ही टक्केवाऱ्या वेगळ्या, कालावधी, सही, शिक्का. पुरवठादाराच्या ऑफिसात हे काम कोणाच्याच टेबलवर नसतं, तुम्ही सोपं करून दिलं तरच ते होतं.

आता याच सळईचं अंतर. आयजीबीसीत स्थानिक साहित्यासाठी ४०० किलोमीटरची मर्यादा आहे, जालना ते पुणे त्यात आरामात बसतं. लीडच्या चौथ्या आवृत्तीत स्थानिक म्हणजे १६० किलोमीटर, आणि तेही कच्चा माल काढणं, उत्पादन आणि खरेदी हे तिन्ही त्या वर्तुळात असेल तर. म्हणजे पुण्याच्या प्रकल्पाला जी सळई एका पद्धतीत स्थानिक ठरते, ती दुसरीत ठरत नाही. चंद्रपूरचं सिमेंट नागपूरला चालतं, पुण्याला दोन्हीकडे चालत नाही. सोलापूरच्या ग्राइंडिंग युनिटमधून आलेली गोणी ४०० मध्ये बसते. पण गोणीवर ब्रँडचं मुंबईतलं रजिस्टर्ड ऑफिस छापलेलं असतं आणि तेच अंतर म्हणून भरणारे लोक मी पाहिलेत. कुठल्या प्लांटमधून माल निघाला हे बघायचं ते गोणीवरच्या युनिटच्या पत्त्यात, टेस्ट सर्टिफिकेटवर किंवा ई-वे बिलावर. तुम्ही सुपरवायझर म्हणून हे कागद रोज हाताळले आहेत. आता ते वेगळ्या नजरेने वाचायला शिकायचं आहे.

दुसरी गोष्ट, वेळ. सळईचं पत्र सहा महिन्यांनीसुद्धा आणता येतं. मातीची धूप थांबवण्याचे फोटो मागाहून काढता येत नाहीत. बांधकाम सुरू असताना माती वाहून जाऊ नये, धूळ उडू नये, यासाठी केलेले उपाय लीडमध्ये पूर्वअट आहेत, आयजीबीसीतही अनिवार्य आहेत. पूर्वअट म्हणजे तिचे गुण नसतात, पण ती चुकली तर बाकी सगळे गुण असूनही सर्टिफिकेट मिळत नाही. खोदकाम मे महिन्यात सुरू होतं, जूनमध्ये पाऊस येतो, साइटवरचं गढूळ पाणी थेट रस्त्याच्या गटारात जातं, आणि सल्लागाराची नेमणूक होते दिवाळीनंतर. तोपर्यंत दोन बेसमेंट झालेली असतात. वरच्या थराची सुपीक माती वेगळी साठवली होती का, गाळ बसण्यासाठी खड्डा होता का, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं धुतली जात होती का, याचा एकही फोटो कोणाकडे नसतो. तुम्ही साइटवर असाल तर उद्यापासून एक सवय लावा: दर आठवड्याला त्याच चार जागांवरून, त्याच कोनातून, तारखेसह फोटो काढायचे. ग्रिहाच्या नोंदणीत तर बांधकाम चालू असताना साइटभेटी होतात, तिथे येणारे लोक हे सगळं डोळ्यांनी बघतात.

मलब्याचंही तसंच. किती मलबा निघाला आणि किती भरावाला, क्रशरला, भंगारवाल्याला गेला, हे काटापावत्यांनी सिद्ध होतं. ‘साधारण पन्नास गाड्या’ या उत्तराला किंमत नाही. भंगारवाल्याकडून पावती मागायला लाज वाटू देऊ नका.

पाण्याच्या क्रेडिटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण घरबसल्या सराव करायला यासारखा दुसरा विषय नाही. आयजीबीसीच्या हिशेबात नळाची आधाररेषा, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बचत मोजतात तो आकडा, मिनिटाला ६ लिटर, शॉवरची १० लिटर, फ्लशची मोठा ६ आणि छोटा ३ लिटर, आणि नळ-शॉवरचे आकडे ३ बार दाबाला. कंपनीच्या कटशीटवर (उत्पादनाच्या तांत्रिक माहितीपत्रकावर) प्रवाह कुठल्या दाबाला दिलाय हे न बघता आकडा उचलणं ही या क्रेडिटमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याचा स्तंभ. म्हणजे ३ बार मिळायला टाकी नळाच्या ३० मीटर वर हवी, जवळजवळ दहा मजले. चार मजली इमारतीत वरच्या घराला त्याचा जेमतेम दशांश मिळतो. बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या, प्रत्येक मजल्यावरचा प्रवाह मोजा, नळाच्या मॉडेलचं कटशीट शोधा, दोन्ही आकडे शेजारी मांडा आणि फरक का आला ते पाच ओळींत लिहा. हे केलंत की दाब, प्रवाह आणि एरेटर (नळाच्या तोंडाची जाळी) यांचं नातं कायमचं डोक्यात बसतं. मग ड्रॉइंगवरचे नळ मोजा, खरेदीच्या बिलातले मोजा, प्रत्यक्ष बसवलेले मोजा. तिन्ही आकडे क्वचितच जुळतात. ते का जुळत नाहीत हे शोधणं म्हणजेच आमचं रोजचं काम.

अशी एक फाइल पूर्ण करा. एकच क्रेडिट, पण अव्वल. मुलाखतीला येणाऱ्याने सर्टिफिकेटांचा गठ्ठा पुढे ठेवला तर मी तो चाळते. कोणी अशी फाइल पुढे ठेवली तर मी खुर्ची पुढे ओढून वाचते.

ऊर्जेचा भाग सुरुवातीला डोंगर वाटतो. सिम्युलेशन, म्हणजे इमारतीच्या ऊर्जावापराचं संगणकावरचं मॉडेल, लगेच शिकायला हवं असं नाही, तो स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि नंतर त्यात जाता येतं. पण सिम्युलेशनचा रिपोर्ट वाचता आलाच पाहिजे. मॉडेलमध्ये काचेचा एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता ती आत सोडते) किती धरलाय, एसीच्या चिलरचा सीओपी (कार्यक्षमता) किती, दिव्यांची वॉट प्रति चौरस मीटर किती, आणि प्रत्यक्ष खरेदी झालेली काच, चिलर, दिवे तेच आहेत का, ही पडताळणी डॉक्युमेंटेशन करणाऱ्याची. खर्च वाचवायला काच बदलली जाते, मॉडेल मात्र जुन्याच काचेवर उभं असतं. हा फरक परीक्षकाच्या आधी आपल्याला दिसला पाहिजे. त्यासाठी ईसीबीसी, म्हणजे इमारतींची ऊर्जा बचत संहिता, आणि निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता, दोन्ही वाचा. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने त्या तयार केल्या आहेत आणि त्या मोफत मिळतात. इको निवास संहितेत भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं माप म्हणजे आरईटीव्ही. आपल्या हवामानात ते प्रति चौरस मीटर १५ वॉटच्या आत हवं. स्वतःच्या घराच्या एका भिंतीचं हे गणित हाताने सोडवून बघा. अवघड नाही, चिकाटी लागते.

आता परीक्षा. क्रम तुम्हाला कुठे काम करायचंय त्यावर ठरतो. महाराष्ट्रात खाजगी बिल्डरांची निवासी कामं मोठ्या प्रमाणात आयजीबीसीकडे जातात, तेव्हा तिथे काम करायचं असेल तर आयजीबीसी एपी (अ‍ॅक्रेडिटेड प्रोफेशनल) आधी. सरकारी इमारतींच्या कामांत ग्रिहाचा जोर आहे, तिथे जायचं तर ग्रिहाची सर्टिफाइड प्रोफेशनल परीक्षा. आयटी पार्क, परदेशी कंपन्यांची कार्यालयं, डेटा सेंटर किंवा आखाती देशांत जायचा विचार असेल तर लीड ग्रीन असोसिएट, ही लीडची पहिली पायरी. लीडची परीक्षा म्हणजे दोन तासांत १०० बहुपर्यायी प्रश्न. गुण १२५ ते २०० या पट्टीवर मिळतात, १७० ला पास. नंतर एपी. पास झाल्यावर विषय संपत नाही: ग्रीन असोसिएटला दर दोन वर्षांनी १५ तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं, एपीला ३०. लीडची पाचवी आवृत्ती २०२५ मध्ये आली आहे, म्हणून परीक्षा कुठल्या आवृत्तीवर घेतली जातेय हे पैसे भरण्याआधी बघा. जुन्या आवृत्तीच्या नोट्स स्वस्तात विकणारे खूप आहेत. तुमच्या बाबतीत, सांगली-कोल्हापूर-पुणे हा पट्टा आणि साइटचा अनुभव पाहता, मी आयजीबीसी आधी आणि वर्षभरात लीड ग्रीन असोसिएट असं सांगेन.

या परीक्षांना बसण्यासाठी खाजगी संस्थेचा महागडा कोर्स लागतोच असं नाही. पात्रता देणारी संस्था परीक्षा स्वतः घेते, खाजगी शिकवणीचं सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट आहे. तरी कोर्स घ्यायचाच असेल तर आधी शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: ‘परीक्षकाच्या शंकांचा खरा कागद, प्रकल्पाचं नाव झाकून, दाखवाल का आणि त्याचं उत्तर आमच्याकडून लिहून घ्याल का?’ हो म्हणाले तर विचार करा. नुसत्या स्लाइड आणि सराव प्रश्नसंच असतील तर ते ज्ञान मॅन्युअल दोनदा वाचून मिळतं. नोकरीची हमी कोणीच देऊ शकत नाही, तेव्हा त्या आश्वासनासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

इंग्रजीची भीती बऱ्याच जणांना असते, म्हणून मुद्दाम लिहिते. नॅरेटिव्ह, म्हणजे क्रेडिटसोबत द्यायचं लेखी स्पष्टीकरण, इंग्रजीत लिहावं लागतं हे खरं. पण चांगलं नॅरेटिव्ह साध्या, छोट्या वाक्यांचं असतं. काय बसवलं, कुठे, किती, कुठल्या कागदावरून ते दिसतं, गणिताचा निकाल काय. बस. ‘प्रकल्प पर्यावरणाप्रती कटिबद्ध आहे’ असल्या वाक्यांनी परीक्षकाचा वेळ जातो आणि संशय वाढतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं याबाबतीत मागे पडतात असा माझा अनुभव नाही, उलट फापटपसारा कमी लिहितात. त्यापेक्षा एक्सेल घट्ट करा. चौरस फूट आणि चौरस मीटर, गॅलन आणि लिटर, सीएफएम आणि लिटर प्रति सेकंद ही रूपांतरं एकाच शीटमध्ये मिसळली की सगळं कोसळतं. फाइलांना नावं देण्याची एक शिस्त ठरवा, प्रत्येक फाइलच्या नावात क्रेडिट, तारीख, आवृत्ती. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचं’ अशा तीन फाइलींमधून चुकीची फाइल सादर होते आणि शंकांची एक फेरी वाया जाते. आयजीबीसीत काय, लीडमध्ये काय, आधी प्राथमिक पडताळणी, मग शंकांना उत्तर देण्याची संधी. अशा संधी मोजक्याच मिळतात.

ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जे मला सांगायलाच हवं, ते आता. या कामात तुमच्यावर दबाव येईल. ‘पत्रावर मागची तारीख टाका’, ‘दुसऱ्या साइटचा फोटो लावा’, ‘व्हीओसीचा (रंगातून हवेत उडणाऱ्या रसायनांचा) रिपोर्ट दुसऱ्या रंगाचा चालेल’ असं कोणीतरी अगदी प्रेमाने सांगेल. चालत नाही. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ग्रीन मानांकनाला वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) आहे: आयजीबीसी किंवा लीड सिल्व्हर, ग्रिहा तीन स्टारला मूळ एफएसआयवर ३ टक्के, गोल्ड, चार स्टारला ५ टक्के, प्लॅटिनम, पाच स्टारला ७ टक्के. कबूल केलेलं मानांकन मिळालं नाही तर दंडाचीही तरतूद आहे. म्हणजे आपण जोडलेल्या कागदांवर शहर जास्तीचं बांधकाम मंजूर करतं. त्याचा भार रस्त्यांवर, पाणीपुरवठ्यावर, शेजारच्या लोकांवर पडतो, आणि त्याच्या बदल्यात कमी पाणी, कमी वीज लागणारी इमारत मिळेल असं त्यांना सांगितलेलं असतं. घरात लागलेला रंग खरोखर कमी व्हीओसीचा आहे का, हे तिथे झोपणाऱ्या लहान मुलाच्या फुप्फुसांशी जोडलेलं आहे. आयजीबीसीत मॅट रंगाला लिटरमागे ५० ग्रॅमची मर्यादा आहे, तिथे दुसऱ्याच रंगाचा रिपोर्ट जोडणं ही फसवणूक आहे, तिला दुसरं नाव नाही. क्रेडिट सोडून द्या, गुण कमी होऊ द्या, पण खोटा कागद लावू नका. पहिल्याच प्रकल्पावर ‘हे क्रेडिट मिळणार नाही, त्याऐवजी हे दुसरं घेऊ’ असं कारणांसकट सांगता आलं, तर चांगला मालक तुम्हाला सोडणार नाही. वाईट मालकाकडून तुम्हीच निघा.

पुढची वाट रुंद आहे. दोन-तीन प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेत की काहींना सिम्युलेशन आवडतं, काहींना कमिशनिंग, म्हणजे यंत्रणा डिझाइनप्रमाणे चालतात का ते तपासणं. साहित्याच्या बाजूला पर्यावरणपूरक उत्पादनांचं ग्रीनप्रो लेबल आणि ईपीडी, म्हणजे उत्पादनाचे पर्यावरणावरचे परिणाम जाहीर करणारं पत्रक, यांचं काम वाढतंय. लीडच्या चौथ्या आवृत्तीत ईपीडीच्या क्रेडिटसाठी पाच वेगवेगळ्या उत्पादकांची किमान २० उत्पादनं दाखवावी लागतात, आणि प्रत्येक ईपीडीची मुदत, प्लांट आणि उत्पादन तपासणारं माणूस लागतंच. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, अहवाल बंधनकारक केलाय, तिथेही हीच पुराव्याची शिस्त उपयोगी पडते. या क्षेत्रात मी पाहिलेल्या उत्तम माणसांत एक बीकॉम झालेली मुलगी आहे, जी आधी खरेदी विभागात बिलं लावायची. तेव्हा डिप्लोमा की डिग्री याची काळजी करू नका.

आत्ताची नोकरी लगेच सोडू नका. ज्या साइटवर आहात तिथल्याच स्टोअरकीपरला विचारून गेल्या तीन महिन्यांची सिमेंट आणि सळईची चलनं, एमटीसी बघा, आणि ‘प्लांट कुठला, अंतर किती, रिसायकल्ड किती’ असे तीन रकाने असलेला तक्ता करा. अंतर रस्त्याने मोजायचं की नकाशावर सरळ, हे त्या-त्या मॅन्युअलमध्ये बघून तक्त्याच्या डोक्यावर लिहा. जिथे रकाना रिकामा राहील तिथे पुरवठादाराला पत्र लिहा. तक्ता आणि पाण्याची फाइल तयार झाली की पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या फॅसिलिटेटर कंपन्यांना अर्जासोबत पाठवा, मालकाची परवानगी घेऊन आणि प्रकल्पाचं नाव झाकून.